काळ्या चिखलातील वस्ती

(एखाद्या गोष्टीला 'घाण' म्हणून नाक मुरडणे सोपे असते. तिच्या आत काय चालले आहे, हे पाहायला मात्र थोडा धीर लागतो. आपण दिलेले एक चुकीचे उत्तर सुधारताना एका शिक्षकाला काय दिसले, ते या पाठात सांगितले आहे.)

माझे गाव सुपा. नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर ते वसलेले आहे. आमच्याकडे पाऊस बेताचा. ज्वारी, बाजरी, मूग आणि हरभरा ही आमची पिके. समुद्र आमच्यापासून फार लांब. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो चित्रात किंवा मोबाईलच्या पडद्यावर. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यासाठी रोज सकाळी सुप्याहून एस.टी.ने नगरला जातो आणि संध्याकाळी परत येतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात समुद्रकिनाऱ्यावरील वनस्पतींचा विषय निघाला होता. खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात, असे मी फळ्यावर लिहिले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फारशी बोलत नसे. तिने विचारले, "सर, त्या चिखलात काय राहते?"

मी हसून म्हणालो, "काय राहणार? घाण आणि डास!"

सारा वर्ग हसला. ती मुलगी खाली मान घालून बसली. मी पुढचे शिकवू लागलो.

त्या दिवशी माझे काही चुकले, असे मला मुळीच वाटले नाही. कारण तो चिखल मी स्वतः पाहिलेला होता. नुसता पाहिलेला नव्हे, त्यात मी गुडघ्यापर्यंत रुतलो होतो!

माझी खाला मुंब्र्याला राहते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू. मी दहा वर्षांचा असताना एकदा क्रिकेटचा चेंडू खाडीच्या कडेला गेला. मी तो आणायला धावलो आणि पाय चिखलात गेला. पाय बाहेर निघाला, पण ईदला घेतलेली नवी चप्पल आतच राहिली. चिखल काळाकुट्ट होता. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता. खालाने मला दारातच उभे केले आणि तीन बादल्या पाण्याने धुतले. तेव्हापासून 'खाडीचा चिखल' म्हटले की मला तो वास आणि ती हरवलेली चप्पलच आठवे. वर्गात मी जे उत्तर दिले, ते शिक्षकाचे नव्हते. ते त्या दहा वर्षांच्या मुलाचे होते.

त्याच वर्षी मे महिन्यात खालाच्या धाकट्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "भाईजान, खाडीच्या कडेला स्वस्तात खोल्या मिळत आहेत. तुम्ही थोडे पैसे घाला. आपण दोन खोल्या घेऊ."

माझ्याजवळ काही पैसे साठले होते. अम्मीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली ती रक्कम होती. भावाची अडचणही खरी होती. एका खोलीत सहा माणसे राहत होती आणि भाडे दरवर्षी वाढत होते. मी दुसऱ्याच दिवशी मुंब्र्याला गेलो.

भावाने मला जागा दाखवली. खाडीकाठी एका ठिकाणी खारफुटीवर दगड, विटा आणि पाडलेल्या इमारतींचा मलबा टाकून भराव केला होता. भरावाच्या कडेची झाडे अजून उभी होती, पण त्यांची पाने पिवळी पडली होती. चिखलातून वर येणारी त्यांची मुळे मलब्याखाली गाडली गेली होती.

रात्री जेवताना मी खालूंना त्यांचे मत विचारले. खालू कमी बोलतात. ते म्हणाले, "बेटा, चिखलावर घर बांधता येईल. पण पाणी कुठे जाईल?"

मग त्यांनी २६ जुलै २००५ची आठवण सांगितली. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या सुप्यात वर्षभरातही एवढा पाऊस पडत नाही. खालूंच्या चाळीत कंबरेएवढे पाणी शिरले होते. ते म्हणाले, "त्या दिवसापासून मी या झाडांना परके समजत नाही. उद्या ऐरोलीला जा, खाडी नीट बघ. मग काय तो निर्णय घे."

दुसऱ्या दिवशी मी ऐरोलीला गेलो. ठाण्याची खाडी तिथे जवळच आहे. या खाडीचा एक मोठा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे खारफुटीची माहिती मिळते.

ओहोटीची वेळ होती. पाणी मागे सरकले होते आणि काळा चिखल उघडा पडला होता. पेन्सिली खोचून ठेवाव्यात, तशी हजारो मुळे त्यातून वर आली होती. ती तिवराची मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात. त्या मुळांमधून निवट्या नावाचे छोटे मासे टुणटुण उड्या मारत होते. एक इवलासा खेकडा आपला मोठा नांगा हलवीत होता. आणि तोच वास! मी रुमाल नाकाला लावला.

जवळच एक तरुणी गमबूट घालून चिखलाचे नमुने बाटलीत भरत होती. ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी होती. माझ्याकडे पाहून ती हसली आणि म्हणाली, "या वासाला आम्ही हजेरी म्हणतो!"

मी शिक्षक. हजेरी हा शब्द ऐकून रुमाल आपोआप खाली आला. मी विचारले, "कोणाची हजेरी?"

"जिवाणूंची," ती म्हणाली. "वास आला की समजायचे, मंडळी कामावर आहेत."

तिने एका काठीने चिखल थोडा बाजूला केला. वरचा अगदी पातळ थर तपकिरी होता. त्याखालचा सारा चिखल काळा होता. ती म्हणाली, "हवेतला ऑक्सिजन या चिखलात फक्त वरच्या काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्याखाली तुम्ही-आम्ही एक क्षणही जगणार नाही. पण तिथे एक वस्ती आहे, आणि ती आपल्या शहरांपेक्षा दाट आहे. चिमूटभर चिखलात कोट्यवधी जिवाणू असतात."

मुलांनो, जिवाणूंना उर्दूत आपण 'जरासीम' म्हणतो. जरासीम म्हटले की आपल्याला ताप, खोकला आणि औषधाची बाटली आठवते. पण रोग पसरवणारे जिवाणू फार थोडे आहेत. बाकीचे आपापल्या कामात गुंतलेले असतात. त्या दिवशी खाडीकाठी मला त्यांच्या कामाची जी ओळख झाली, ती मी तुम्हाला आपल्या आठवडे बाजाराच्या उदाहरणाने सांगतो. बाजारात एक धान्य विकतो, एक चपला शिवतो, एक भांड्यांना कल्हई करतो. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याच्या उपयोगाचे असते. चिखलातील बाजारही असाच आहे.

खारफुटीची पाने गळून चिखलात पडतात. काही जिवाणू ही पाने तोडून त्यांचे बारीक तुकडे करतात. हे त्या बाजारातले लाकूडतोडे. काही जिवाणू हवेतला नायट्रोजन घेऊन तो झाडाला खाता येईल अशा रूपात बदलतात. आमच्या शेतात हरभऱ्याचे रोप उपटले की मुळांवर छोट्या गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हेच काम करतात. माझे अब्बा पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू खत चोळतात, ते यासाठीच. म्हणजे आमच्या कोरडवाहू शेतातले आणि खाडीतल्या चिखलातले हे कामगार एकाच व्यवसायातले!

सर्वांत नवल वाटले ते खालच्या थरातल्या जिवाणूंचे. तिथे ऑक्सिजन नाही. मग ते श्वास कसा घेतात? समुद्राच्या पाण्यात सल्फेट नावाचा क्षार भरपूर असतो. हे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. हा वायू चिखलातील लोहाशी मिळतो आणि काळा पदार्थ बनतो. माझी चप्पल ज्या काळ्या चिखलाने गिळली, तो काळेपणा घाणीचा नव्हता. ती या जिवाणूंच्या श्वासाची खूण होती. पुढे हाच वायू दुसऱ्या प्रकारचे जिवाणू वापरतात आणि त्यातून आपले पोट भरतात. एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न!

शहराच्या सांडपाण्यातून नायट्रेट नावाचे क्षार खाडीत येतात. ते फार वाढले की पाण्यातले जीवन धोक्यात येते. चिखलातील काही जिवाणू या नायट्रेटचे वायूत रूपांतर करून ते हवेत सोडून देतात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी मांडवी नदीतील दिवाडी बेटाच्या खारफुटीत जाऊन चिखलातील या कामाचा अभ्यास केला आहे. दिवाडीच्या शेजारी चोडण बेट आहे. तिथल्या खारफुटीतील पक्षी अभयारण्याला थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. सलीम अलींनी आयुष्यभर पक्षी पाहिले. पण पक्ष्यांचे पोटही शेवटी चिखलच भरतो. ठाण्याच्या खाडीत येणारे छोटे रोहित पक्षी निळे-हिरवे शेवाळ खातात. हे 'शेवाळ' म्हणजे खरे तर जिवाणूंचाच एक प्रकार आहे.

मी त्या विद्यार्थिनीला विचारले, "हे सारे जिवाणू तुम्ही सूक्ष्मदर्शकातून मोजता का?"

ती म्हणाली, "सूक्ष्मदर्शकात ते दिसतात, पण कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत बशीत वाढवायला गेले तर शंभरातला एखादाच वाढतो. बाकीच्यांना आपले अन्न आवडत नाही! म्हणून आता आम्ही चिखलातून डीएनए काढतो आणि ते वाचून कोण हजर आहे ते ठरवतो."

माणसाला जिवाणू प्रथम दिसले ते सतराव्या शतकात. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी होता. तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. कापडाचे धागे तपासायला भिंग लागते. त्याला भिंगांचाच छंद जडला. त्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून १६७६ मध्ये पाण्यातले हे सूक्ष्म जीव पाहिले आणि लोकांना कळवले. त्यानंतर साडेतीनशे वर्षे झाली, तरी नवल संपलेले नाही. वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर खारफुटीची कुजकी पाने पाण्यात पडलेली असतात. त्या पानांवर पांढऱ्या धाग्यांसारखे काहीतरी वाढलेले शास्त्रज्ञांना आढळले. तपासल्यावर कळले, की प्रत्येक धागा म्हणजे एकच जिवाणू आहे! त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. २०२२ मध्ये हा शोध जगापुढे आला. आजवर माहीत असलेला हा सर्वांत मोठा जिवाणू. तो सापडला कुठे? ज्याला मी वर्गात 'घाण' म्हणालो होतो, तशाच ठिकाणी.

निघताना मी भरावाची गोष्ट काढली. विद्यार्थिनी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे पाने फार सावकाश कुजतात. त्यामुळे शेकडो वर्षांचा कार्बन इथे साठून राहतो. चिखल उपसला आणि वाळवला की त्यात हवा शिरते. मग साठलेला कार्बन जळू लागतो आणि वायू होऊन वर जातो. चिखलातले गंधक हवेशी मिळून आम्ल बनते. वरून मलबा टाकला तर मुळांचा श्वास कोंडतो आणि झाडे मरतात. झाडे गेली की भरतीच्या लाटा अडवणारे कोणी उरत नाही."

खालूंनी एका वाक्यात विचारलेल्या प्रश्नाचे हे सविस्तर उत्तर होते. परतल्यावर मी आणखी वाचले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला बंदी घालणारा आदेश दिला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने पुन्हा निकाल दिला. खारफुटी नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला घालणे आहे, असे त्यात म्हटले आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी या झाडाला राज्याचे खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला.

मी ती खोली घेतली नाही.

भावाला वाईट वाटले. तो म्हणाला, "भाईजान, तुम्हाला झाडांची काळजी आहे. आमची नाही." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चार महिने त्याने माझा फोन घेतला नाही. गरीब माणसाला घर लागते, आणि त्याला स्वस्त जागा मिळते ती नेमकी अशाच ठिकाणी. त्याला दोष देऊन मला मोठे होता येणार नव्हते. पुढे त्याने डोंगराच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. अनामतीच्या रकमेत मी हातभार लावला. आता आम्ही पुन्हा बोलतो, पण त्या जागेविषयी बोलत नाही. ती खोली छोटी आहे. तरी पावसाळ्यात खाला रात्री झोपू शकते, असे खालू सांगतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती मुले आता दहावीत गेली होती. मी वर्गात गेलो आणि म्हणालो, "गेल्या वर्षी एका प्रश्नाचे मी चुकीचे उत्तर दिले होते. प्रश्न चांगला होता. उत्तर वाईट होते. मला माफ करा."

वर्ग शांत झाला. शिक्षकाने माफी मागावी, याची मुलांना सवय नसते. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

नगरला खाडी नाही, पण चिखल सगळीकडे असतो. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने चिखलातील जिवाणू पाहण्याची एक सोपी रीत शोधून काढली होती. आम्ही तीच वापरायचे ठरवले. मी सुप्याजवळच्या तलावाच्या कडेचा चिखल डब्यात भरून एस.टी.ने नेला. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारले, "मास्तर, डब्यात काय आहे?" मी म्हणालो, "शाळेसाठी चिखल." ते मला बराच वेळ पाहत होते.

चिखलात जिवाणूंच्या अन्नासाठी कागदाचे तुकडे घालायचे होते. एका मुलाने उर्दू वर्तमानपत्र आणले. दुसरा लगेच म्हणाला, "सर, यात अल्लाहचे नाव असेल. ते फाडून चिखलात कसे टाकायचे?" त्याचे म्हणणे बरोबर होते. मग आम्ही वह्यांची कोरी पाने वापरली. गंधकासाठी उकडलेल्या अंड्याचे पिवळे बलक घातले. सल्फेटसाठी काय घालावे? मी खिशातला खडू काढला. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. तो कुटून चिखलात मिसळला. ज्या खडूने आम्ही अक्षरे गिरवतो, त्यावर आता जिवाणू श्वास घेणार होते! हे मिश्रण प्लॅस्टिकच्या बाटलीत भरले, वर थोडे पाणी ओतले, झाकण सैल लावले आणि बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवली. सर्वांनी साबणाने हात धुतले.

पहिले दोन आठवडे काहीच घडले नाही. मुले रोज बघून कंटाळली. तिसऱ्या आठवड्यात तळाशी काळे डाग दिसू लागले. मग वरच्या भागात हिरवा थर आला. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मधल्या भागात जांभळट-तांबडे ठिपके उमटले. प्रत्येक रंग म्हणजे एक वेगळी वस्ती होती. कोणाला हवा हवी, कोणाला नको. कोणाला उजेड हवा, कोणाला अंधार. एका बाटलीत सर्वजण आपापल्या जागी राहत होते.

एके दिवशी मी झाकण उघडले. वर्गात तोच वास पसरला. मुलांनी नाके दाबली आणि ओरडा केला. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी मात्र उठली, बाटलीजवळ आली आणि म्हणाली, "सर, हजेरी!"

या वेळीही सारा वर्ग हसला. पण आता ती खाली मान घालून बसली नाही.

उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. एकच शब्द नदीतून वाहत समुद्राला मिळाला आहे. मुलांनो, मोठे झाल्यावर तुम्ही कधी दर्याकाठी जाल. तेथील चिखलाचा वास आला, तर रुमाल काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. आत कोण राहते, ते स्वतःला विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी शिक्षक झालेच, तर वर्गातल्या प्रश्नाला हसून उत्तर देऊ नका. उत्तर माहीत नसेल, तर तसे सांगा आणि ते शोधायला निघा.

स्वाध्याय

१. लेखकाने वर्गात दिलेल्या पहिल्या उत्तराला 'दहा वर्षांच्या मुलाचे उत्तर' का म्हटले आहे?
२. खाडीचा चिखल काळा का असतो? त्याला वास कशामुळे येतो?
३. 'एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न' हे पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. भावाचे म्हणणे आणि खालूंचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा. तुम्ही लेखकाच्या जागी असता, तर काय केले असते?
५. 'दर्या'प्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द लिहा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते सांगा.